शिरखोलचा न मोडलेला मांडव

तुम्ही फाल्गुनात आलात हे बरं केलंत. पावसाळ्यात आला असतात तर आमचं शिरखोल तुम्हाला कोकणातल्या आणखी चार गावांसारखंच हिरवं दिसलं असतं आणि तुम्ही गाडी न थांबवता पुढे गेला असता. आता बघा, प्रत्येक घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक तरी झाड असं आहे की अंगावर पान नाही आणि शेंड्यापर्यंत नुसता लाल फुलोरा. साळुंक्या तर सकाळपासून तिथंच असतात, मध प्यायला. पुण्या-मुंबईची माणसं उतरतात, फोटो काढतात आणि ‘काय पळस फुललाय’ म्हणून निघून जातात. पळस नव्हे हो, पांगारा. पळसाला पानं तीन तशी यालाही तीनच, त्यामुळे फसायला होतं. खोडाला हात लावून बघा म्हणजे चूक कळेल, काटे आहेत त्याला.

झाड तसं भाबडं आहे. फांदी तोडून जमिनीत खुपसली की झालं, पाऊस पडायचा अवकाश, ती फुटते. दुसऱ्या वर्षी माणसाच्या डोक्यावर जाते आणि थोड्याच वर्षांत मिरीचा वेल अंगावर घेऊन उभी राहते. पाला गुरांना होतो, उरला तर शेतात कुजवतात. लाकूड मात्र अगदी हलकं. चुलीत घातलंत तर धूर, घराला वासा म्हणून घातलंत तर दोन पावसाळ्यांत भुगा. वाऱ्यालाही टिकत नाही, म्हणून पावसाआधी फांद्या छाटाव्या लागतात. आळस केलात तर पहिल्याच वादळात फांदी कौलांवर येते. माझ्या गोठ्याची कौलं या झाडापायी गेली आहेत, तरी मला त्याचा राग येत नाही. मुलांवर येतो तेवढासुद्धा येत नाही.

एवढं सगळं माहीत असल्यामुळे शहाणा माणूस पांगारा कुंपणाला लावतो, दारात लावत नाही. आणि लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब, मुहूर्तमेढ, ती तर याची कोणी करत नाही. आंब्याची करतील, उंबराची करतील. शिरखोलात मात्र मेढ पांगाऱ्याचीच रोवतात, तीही हिरवी, आणि लग्न झाल्यावर उपटत नाहीत. खळ्याखळ्यांत दिसतात ती सगळी झाडं त्या त्या घरच्या लग्नांच्या मेढी आहेत. हे कसं झालं, त्याची गोष्ट आमच्या वाडीत अशी सांगतात.

गलबतांचे दिवस होते. सोनू मेस्त्री म्हणून आमच्यातला एक नावाजलेला सुतार इथं राहायचा. लाकडावर बोटानं टिचकी मारली की ते किती पावसाळे काढील हे तो सांगायचा म्हणे, आणि तसंच व्हायचं. त्याला एकच मुलगी, सगुणा. बायको लवकर गेलेली. सगुणाचं लग्न खाडीपलीकडच्या शाबाजीशी ठरलं. शाबाजीही सुतारच, पण गलबतावरचा. मोठ्या गलबताला वाटेत डागडुजी करायला एक सुतार लागतो, तसा तो मलबारपर्यंत जाऊन यायचा. घरी त्याची विधवा आई, भागीरथी. तिलाही हा एकुलता.

लग्न वैशाखातलं होतं. गलबत त्याआधी परतायचं होतं. सोनूकडचं चांगलं लाकूड सगळं गलबतांच्या कामात गेलेलं, म्हणून त्यानं मुहूर्ताच्या दिवशी कुंपणातल्या पांगाऱ्याचा एक सरळ सोट तोडला आणि सालीसकट मेढ म्हणून रोवला. शेजारी हसले. सोनू म्हणाला, “चार दिसांचो मांडव. तेका सागवान कित्या होया?”

पुढे गलबत वेंगुर्ल्याला लागल्याचा निरोप आला. आता उद्या नवरा दारात येणार म्हणून बायकांनी सगुणाला हळद लावली. त्याच संध्याकाळी समुद्रावर वादळ उठलं. गलबत वेंगुर्ल्याहून निघालं होतं, ते खाडीच्या तोंडाशी आलंच नाही. फळी मिळाली नाही, माणूसही मिळाला नाही. कोळी चार दिवस किनारा बघत फिरले, मग पाऊस लागला आणि समुद्र बंद झाला.

अंगाला हळद लागलेली आणि डोक्यावर अक्षता नाहीत, अशी मुलगी घरात बसली. गाव म्हणालं, मांडव मोडा, रिकामा मांडव दारात ठेवू नये. पण मांडव मोडायचा म्हणजे नवरा बुडाला असं कबूल करायचं. त्या काळी लग्नाआधी नवरा गेला की दोष मुलीचा. तिला पांढऱ्या पायाची म्हणत आणि मग तिनं जन्मभर बापाच्या चुलीपाशी बसायचं. सोनूला मुदत हवी होती. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडेल, दिवाळीपर्यंत काहीतरी खबर लागेल, एवढीच त्याची आशा. तो रवळनाथाच्या देवळात गेला आणि सगळ्या मानकऱ्यांसमोर त्यानं आण घेतली: “मेढ आपसूक पडापर्यंत हो मांडव मोडूचंय नाय.”

त्याचा हिशेब तुमच्या ध्यानात आला असेल. तोडलेला पांगारा ओल्या जमिनीत दिवाळीपर्यंत कुजतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गावचा पहिला मानकरी जो गावकर, त्यालाही ठाऊक होतं. बापाचं मन म्हणून त्यानं मान डोलावली.

पण सोनूनं लाकूड ओळखलं होतं, झाड ओळखलं नव्हतं. साल न काढलेला ताजा सोट, वर मृगाचं पाणी. श्रावणात त्याला कोंब फुटले. दिवाळीला मांडवाचे पोफळीचे खांब कुजून बसले, वरची नारळाची झापं वाऱ्यानं नेली, आणि खळ्याच्या मधोमध मेढ एकटीच उभी राहिली, अंगभर पानं घेऊन.

गाव बघायला लोटलं. देवानं कौल दिला म्हणाले, नवरा जिवंत आहे, तो येणार. सगुणालाही पहिलं वर्षभर तसंच वाटलं. तिनं त्या मेढीला काट्यांचं कुंपण घातलं, शेळ्या लांब ठेवल्या, उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी बुंध्याशी ओतलं. पांगाऱ्याला एवढ्या कौतुकाची गरज नसते, पण तिला ते केल्याशिवाय चैन पडत नसे.

भागीरथी अधूनमधून खाडी उतरून यायची. विधवेनं मांडवात पाऊल टाकायचं नाही, म्हणून ती गडग्याच्या, म्हणजे खळ्याभोवतीच्या बुटक्या दगडी भिंतीच्या, बाहेर बसायची आणि तिथूनच झाडाकडे बघायची. झाड उभं आहे तोवर मुलगा आहे, असं तिनं धरलं होतं. सगुणा आत आणि ती बाहेर, मधे गडगा, अशा दोघी तासन्‌तास बोलत. मिरीच्या वेलाचा तुकडा तिनंच आणून गडग्यावरून दिला. आणि झाड कसं राखायचं हेही तिनंच शिकवलं.

“पावसाआदी खांदे छाट गो तेचे,” ती म्हणायची. “माया आसा म्हणान नुसता वाढूक दिलंस तर मोडतला.”

दुसरं वर्ष गेलं, तिसरं आलं. इतर गलबतं गेली, आली. शाबाजीच्या गलबताचं काय झालं असेल ते त्यांवरच्या खलाशांना कळत होतं, पण कोणी बोललं नाही. झाड वाढत होतं आणि सोनू वाळत होता. आता त्याला कळून चुकलं होतं की आपण मुलीला सोडवायला घेतलेल्या आणेनं तिलाच बांधून घातलंय. रुजलेला पांगारा माणसाच्या जन्मभर उभा राहतो, आणि एक मांडव उभा असताना त्याच मुलीसाठी दुसरा घालता येत नाही. मेढ तोडावी तर देवासमोर घेतलेली आण मोडते, न तोडावी तर मुलगी तिच्या सावलीत म्हातारी होते. एकदा तो कुऱ्हाड घेऊन झाडापाशी गेला आणि बराच वेळ उभा राहून परत आला, असं सांगतात.

त्याच सुमारास बाबल नावाचा एक खेळणी करणारा सोनूकडे लाकूड न्यायला येऊ लागला. खेळण्यांना पांगाऱ्यासारखं लाकूड नाही. कापायला मऊ, रंग धरतं आणि पोराच्या पायावर पडलं तरी लागत नाही. बाबलनं सगुणाला पाहिलं आणि सरळ मागणी घातली. हळद, वादळ, पांढरे पाय, सगळं ऐकून घेतलं आणि तरी घातली. तो यायचा त्या दिवशी सगुणा पाणी लवकर भरून ठेवायची आणि केसांत अबोली माळायची. सोनूनं हे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मेढ उभी आसा,” तो बाबलला म्हणाला. “माझा तोंड बांधलेला आसा.” बाबल लाकूड न घेताच गेला.

अबोली गडग्याबाहेर बसणाऱ्या भागीरथीनंही पाहिली होती. बाबल आल्याचं आणि गेल्याचं तिला कळलं. त्यानंतर ती काही दिवस आलीच नाही. सगुणाला वाटलं, रागावली. मग चैत्रात, फुलं गळून झाडाला नवी पालवी येत होती तेव्हा, एका सकाळी ती आली. कमरेला कोयती खोचलेली. रोजच्या जागी न बसता ती गडगा ओलांडून आत आली आणि मेढीखाली जाऊन उभी राहिली. तेवढ्यानं सगळी वाडी गोळा झाली. गावकरही आला.

“भागीरथी, तू मेढीक हात लावू नको,” तो म्हणाला. “आणि सोनून देवासमोर आण घेतलेली आसा.”

“आण मोडूक मी येवक नाय,” भागीरथी म्हणाली. “मेढ पडाची नाय आणि मांडवय मोडाचो नाय.”

तिनं कोयती काढली आणि झाडाची एक सरळ, मनगटाएवढी फांदी बघून एका घावात उतरवली. ती सोनूच्या हातात दिली.

“ह्यापण तीच मेढ,” ती म्हणाली. “खळ्याच्या दुसऱ्या बाजूक रव आणि चेडवाचा लगीन कर. मांडव तोच. जरा रुंद झालो, इतक्याच.”

गावकर शहाणा माणूस होता. आण कुठं मोडत नाही हे त्याला पटलं. पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. तीन वर्षं त्या बाईला कोणी न विचारलेला प्रश्न त्यानं सगळ्यांसमोर विचारला.

“आणि उद्या तुझो झील इलो तर?”

सगुणा दाराच्या खांबाला धरून उभी होती. भागीरथीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे.

“इलो तर मांडव उभोच आसा,” ती म्हणाली. “जेवान जातलो.”

त्या बाईनं सून सोडली, मुलगा सोडला नाही. दोन्ही एकाच घावात केलं आणि रडली नाही. रडली ती सगुणा. तिनं भागीरथीला धरलं ते दुपारपर्यंत सोडलं नाही म्हणतात.

त्याच वैशाखात सगुणाचं आणि बाबलचं लग्न झालं. ती फांदी श्रावणात फुटली.

तेव्हापासून शिरखोलात मांडव मोडत नाहीत. झापं उतरवतात, खांब काढतात, मेढ ठेवतात. नवी मेढ जुन्या मेढीच्याच फांदीची असते, म्हणजे आमच्या गावात लग्नं किती झाली ते देव जाणे, मांडव एकच. फांदी तोडायला घरातल्या नाहीतर वाडीतल्या विधवेला बोलावतात, मानानं, नवं लुगडं देऊन. माझ्या लग्नात मेढ माझ्या आत्यानं तोडली. नवरीकडच्या पाहुण्यांत कुजबूज झाली तेव्हा ती कोयती हातात तशीच घेऊन वळली आणि म्हणाली, “कोणाक काय बोलाचा आसा?”

आजही शिरखोलच्या प्रत्येक लग्नात पहिली पंगत बसली की मेढीच्या बुंध्याशी एक केळीचं पान मांडतात. त्यावर भात, वरण, काळ्या वाटाण्याची उसळ, गोड, सगळं वाढतात आणि पंगत उठेपर्यंत ज्या बाईनं मेढ तोडली ती त्या पानापाशी बसते. मग ते अन्न गाईला घालतात. कावळ्याला घालत नाहीत. कावळ्याला घातलं तर शाबाजी गेला असं होईल, आणि तसं म्हणायची परवानगी त्याच्या आईनं आम्हाला दिलेली नाही.