अस्वलाच्या ट्रॅक्टरातला पाहुणा

डोंगरापलीकडे, जिथे धुके सकाळी उशिरापर्यंत रेंगाळते अशा एका जंगलात, एक स्वप्नाळू अस्वल राहत असे. मुलांनो, अस्वल म्हटले की तुम्हाला मध आठवेल. पण हे अस्वल ट्रॅक्टर चालवत असे. ट्रॅक्टर फार जुना होता. त्याचा लाल रंग उडून विटेसारखा झाला होता. आईच्या माघारी अस्वलाला सोबत होती ती ट्रॅक्टरच्याच टकटक आवाजाची, म्हणून अस्वलाचा सारा जीव त्यात होता.

दर हिवाळ्यात पठारावरचे वाळलेले गवत ट्रॅक्टरने खाली आणायचे असे. पण थंडीत त्याचे इंजिन काही केल्या तापत नसे. आतले पाणी सारखे रेडिएटरात जाऊन गार होऊन परत येई, आणि इंजिन खोकत, धूर सोडत चढावर बंद पडे. मग अस्वल रेडिएटरवर गोणपाट टाकी. त्याने पाणी तापे खरे, पण धुक्याकडे बघता बघता अस्वलाची तंद्री लागे, गोणपाट काढायचे राहून जाई आणि पाणी उकळून बाहेर येई. जंगलाचा मुख्य एक गवा होता. तो खाली नदीकाठच्या कुरणात राही. त्याने तिथूनच कावळ्याकरवी निरोप पाठवला, "उद्या गवत खाली आलं नाही, तर तो ट्रॅक्टर खाणीत ढकलून द्या." निरोप ऐकून अस्वलाला जेवण गेले नाही.

कावळ्याला त्याची दया आली. मोडक्या वस्तू जमवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. तो एक वाटोळी पितळी चकती घेऊन आला. तिच्या एका अंगाला टपोरे पोट होते. "हा थर्मोस्टॅट," कावळा म्हणाला. "पाणी गार असलं की वाट बंद ठेवतो, तापलं की उघडतो. इंजिनातून रेडिएटरकडे नळी जाते ना, तिच्या तोंडाशी बसव."

"पोट कुठल्या बाजूला करू?"

"ते मला काय ठाऊक? मी वस्तू आणतो, लावत नाही," असे म्हणून कावळा उडून गेला.

अस्वलाने चकती पाण्याच्या पातेल्यात सोडली आणि पातेले चुलीवर ठेवले. पाणी कढत झाले तशी चकतीची झडप कळी उमलावी तशी सावकाश उघडली. अस्वल किती तरी वेळ तिच्याकडे बघतच राहिले. आता या जंगलाची एक रीत होती. आल्यागेल्याला झळ लागू द्यायची नाही, त्याला गारव्याची जागा द्यायची. थर्मोस्टॅट तर नवा पाहुणा. अस्वलाने त्याचे पोट मोठ्या आदराने रेडिएटरच्या गार अंगाला केले, पाठ इंजिनाकडे केली आणि बोल्ट आवळले.

सकाळी इंजिन लवकर तापले. अस्वल खूश झाले. पण इंजिन तापतच गेले, आणि ट्रॅक्टर शेडच्या दारात येतो न येतो तोच आत पाणी खदखदू लागले. अस्वलाने घाईने इंजिन बंद केले. त्याला हात लावला तर चटका बसला. रेडिएटर मात्र थंडगार. "वाट उघडलीच नाही," अस्वल पुटपुटले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

शेडच्या आढ्यावर एक कबुतरीण दोन अंडी उबवत बसली होती. तिने विचारले, "अस्वलदादा, त्याचं पोट कुठे केलंस?"

"गार बाजूला. पाहुणा आहे तो."

"पाहुणा कसला, राखणदार आहे. मी अंड्यांना पोट लावून बसते, म्हणून ती गार पडली की तापली ते मला कळतं. पाठ लावून बसले तर काय कळणार?"

अस्वलाने इंजिन निवू दिले, बोल्ट सोडले आणि थर्मोस्टॅटचे पोट इंजिनाकडे वळवले. पाणी भरून त्याने पुन्हा इंजिन सुरू केले. आधी इंजिन तापले, मग हळूहळू रेडिएटर कोमट झाला. चढावर धुके दाटले होते. अस्वलाची नेहमीसारखी तंद्री लागली, पण ट्रॅक्टर न खोकता, न उकळता आपल्या लयीत चालत राहिला. दुपारच्या आत गवताची पहिली खेप कुरणात पोहोचली.

गवा वाट बघतच होता. "एका खेपेने काय होतं?" तो म्हणाला. "उद्या पुन्हा बंद पडेल."

"महाराज, पडेलही," अस्वल म्हणाले. "पण खाणीचं ठरवायच्या आधी एकदा माझ्याबरोबर वर चला."

गव्याला नाही म्हणता येईना. तो ट्रॅक्टरच्या बाजूने चढू लागला. अर्ध्या वाटेवर त्याला धाप लागली. पठारावर पोहोचला तेव्हा वाऱ्याने त्याचे कान बधिर झाले होते आणि चारही पाय कापत होते. त्याने वळून ट्रॅक्टरकडे पाहिले.

"किती वर्षं हा या थंडीत चढतोय?" त्याने विचारले.

"मला आठवतंय तेव्हापासून," अस्वल म्हणाले.

गव्याने मान खाली घातली आणि शिंगांनी गवताची पहिली पेंढी उचलून ट्रॉलीत टाकली.

तात्पर्य : ज्याने निवाडा करायचा, त्याला आदराने लांब बसवू नये, झळ लागेल तिथे बसवावे.