वाकून चालणाऱ्यांचं गाव

ज्या काळात गाढवं माणसांशी बोलत आणि माणसं निमूटपणे ऐकून घेत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण मोठ्यांची मान लवकर वळत नाही.

चहूबाजूंनी डोंगर आणि मधे खळगा, अशा जागी एक गाव होतं. गावातल्या घरांची दारं इतकी बुटकी होती, की माणसाला कमरेतून वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. दिवसभर आत-बाहेर करायचं आणि दर वेळी वाकायचं. त्यापेक्षा वाकलेलंच राहिलेलं बरं, असं होता होता सगळं गावच वाकून चालू लागलं. उघड्या शेतातसुद्धा माणसं वाकून चालत आणि त्यांची नजर आपल्याच पायाच्या अंगठ्यावर असे.

दारं बुटकी का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर गावचा कारभारी म्हणे, "आपण मूळचे इथलेच आणि आपली रीतही मूळचीच. ताठ मान ती परक्यांची."

त्या गावात एक म्हातारा पाथरवट राहत होता. झिजलेल्या जात्यांना टाकी लावून द्यायची, म्हणजे छिन्नीने त्यांचा दगड पुन्हा खरबरीत करायचा, हे त्याचं काम. त्याला येसू नावाची एकच मुलगी. बापाच्या हाताखाली तीही टाकी लावायला शिकली होती.

एकदा पाऊस रुसला. दळायलाच धान्य नाही, तर जाती झिजणार कशी? पाथरवटाच्या घरी चूल पेटेना. तेव्हा येसू म्हणाली, "बाबा, मी गाढव घेऊन बाहेरच्या मुलखात जाते. जाती काय, सगळीकडे असतात."

"लवकर ये गं," म्हातारा म्हणाला.

एका पावसाळ्यापुरती म्हणून निघालेली येसू. पण वाट मोठी लबाड असते. एका गावाचं काम संपलं की ती पुढचं गाव दाखवते. वर्षांमागून वर्षं गेली. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर येसू बापाला धान्य धाडत राहिली आणि स्वतः पुढे पुढे जात राहिली.

पहिल्याच बाजारपेठेत तिची फजिती झाली होती. पोरं तिच्यामागे वाकून चालत खिदळू लागली. एका बाईने तिला थांबवून विचारलं, "काय गं, एवढी वाकून चालतेस, डोक्यावर काय आहे तुझ्या?"

येसूने हात वर करून चाचपलं. डोक्यावर काहीच नव्हतं. आपण वाकून चालतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी कळणार तरी कसं? तिथे सगळेच वाकलेले! तिला इतकी लाज वाटली, की त्या रात्री तिने गाढवाला सांगून टाकलं, "मी कुठली हे कोणाला सांगू नकोस."

"मला कोण विचारतंय?" गाढव म्हणालं आणि कडबा खात राहिलं.

येसू हळूहळू ताठ चालायला शिकली. आधी मान दुखली, मग पाठ. पण डोळ्यांना मोकळं आभाळ दिसलं, लांबून येणारी माणसं दिसली, उद्या चढायचा घाट आजच दिसू लागला. तिला फार बरं वाटलं.

मात्र जुनी सवय पुरती गेली नाही, आणि हे बरंच झालं. कोरड्या माळावर व्यापाऱ्यांचा तांडा पाण्यावाचून तडफडत असताना येसूच्या नजरेने जमिनीवरची मुंग्यांची ओली वारुळं हेरली. तिथे खणल्यावर पाणी लागलं. तांड्याचा नाईक म्हणाला, "आम्ही सगळे लांबवर तळं शोधत होतो. तू पायाखाली बघायला कुठे शिकलीस?"

"माझ्या गावी," येसूच्या तोंडून निघून गेलं. गावाचं नाव सांगायला लाजणारी ती, त्या दिवशी तिने ते मान वर करून सांगितलं.

अशी चालत चालत येसू समुद्राकाठच्या मुलखात पोहोचली, आणि तिथे जे दिसलं त्याने ती थबकलीच. तिथल्या घरांची दारं बुटकी होती! अगदी तिच्या गावासारखी! एका आजीबाईच्या जात्याला टाकी लावता लावता तिने विचारलं, "आजी, तुमची दारं अशी का?"

"अशी का म्हणजे? वारा आला की दिसेल," आजीबाई म्हणाली.

आणि संध्याकाळी वारा आला. समुद्रावरून असा काही घोंगावत आला, की झाडं जमिनीला टेकली. बुटक्या दारांची घरं तेवढी निवांत उभी राहिली.

"आमच्याकडेही अशीच दारं आहेत," येसू म्हणाली, "पण आमच्याकडे वारा नाही. चारी बाजूंनी डोंगर आहेत."

आजीबाई जातं थांबवून हसली. "मग तुमचे आजे-पणजे इथलेच असणार, बाळ. आमच्यातली काही माणसं फार मागे डोंगरात गेली, असं सांगतात. वारा इथेच राहिला, दारं तेवढी ती घेऊन गेली!"

येसू त्या बुटक्या दाराकडे बघत राहिली. मग गाढव म्हणालं, "त्यात एवढं नवल काय? ओझं उतरवल्यावर मीसुद्धा थोडा वेळ वाकूनच चालतो. तुम्ही जरा जास्तच वेळ चाललात."

येसूला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलं गाव वेडं आहे. गाव वेडं नव्हतं, नुसतं विसरभोळं होतं. त्या गावची तिला एवढी आठवण आली, की दुसऱ्याच दिवशी तिने गाढवाचं तोंड डोंगराकडे वळवलं.

लांबची वाट संपवून, भर पावसाळ्यात, ती घरी पोहोचली. धावत आत शिरायला गेली आणि कपाळ दाराच्या चौकटीवर असं आपटलं, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारीपाजारी गोळा झाले. "बघा, बघा! हिला स्वतःचं दारही ओळखू येईना!"

म्हाताऱ्या बापाने मात्र तिच्या कपाळाला हळद लावली. "फुटलं तर फुटलं. घर तुझंच आहे," तो म्हणाला.

पण कारभाऱ्याचं मत तसं नव्हतं. येसू उघड्या रस्त्यावरून ताठ चालताना त्याने पाहिलं आणि तो वाकल्या वाकल्या तिच्या दारात आला.

"पोरी, आपल्या गावात ताठ मानेचा माणूस पाहुणा म्हणून राहतो, घरचा म्हणून नाही. उद्यापासून सगळ्यांसारखी चालणार असशील तर राहा. नाहीतर तुझी वाट तुला मोकळी."

"कारभारीबाबा, ही रीत इथली नाहीच. आपण समुद्राकाठून आलोय. तिथे वारा..."

"गप! चार मुलूख फिरलीस म्हणून आम्हाला आमचंच मूळ शिकवतेस?"

येसूने बापाकडे पाहिलं. तो थकला होता. त्याला एकटं सोडून ती आता जाऊ शकत नव्हती, आणि त्याला या वयात घेऊन जाणंही शक्य नव्हतं. तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी येसू वाकून पाणी आणायला निघाली. पाठ कळवळत होती आणि डोळ्यांतलं पाणी थेट पायांवर पडत होतं. घरी येऊनसुद्धा आपण घरी आलो नाही, असं तिला वाटलं.

गावाच्या वरच्या अंगाला एक जुना तलाव होता. त्याचं पाणी पाटाने गावापर्यंत येई, त्यामुळे वर तलावाकडे जायची गरज कोणालाच पडत नसे. पाटाजवळ येसू थांबली. पायापाशी पाण्याची एक नवीनच बारीक धार वाहत होती, आणि ती गढूळ होती. मुंग्या तोंडात अंडी धरून घाईघाईने उंचावर चालल्या होत्या.

ही धार कुठून येते? येसूने डोकं वर केलं. आज तिला ते करायला बंदी होती, हे ती विसरूनच गेली.

वर तलावाचं पाणी काठोकाठ आलं होतं. मातीच्या बांधाला पोट सुटलं होतं आणि त्याच्या पायथ्यातून माती धुऊन येत होती. जादा पाणी जाण्यासाठी जो सांडवा ठेवलेला होता, तो गाळाने आणि झुडपांनी पार बुजून गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

येसू ओरडत गावात धावली. "बांध फुटतोय! वर बघा! सगळेजण वर बघा!"

माणसं बाहेर आली, पण मान कोणाची वर होईना. कारभारी म्हणाला, "पाटाला पाणी नेहमीसारखंच आहे की! पायापुरतं बघ, पोरी."

तेवढ्यात म्हातारा पाथरवट काठी टाकून पुढे झाला. त्याने दोन्ही हातांनी गाढवाची पाठ धरली आणि कण्हत कण्हत, इंचाइंचाने, आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. त्याने बांध पाहिला आणि तो पांढराफटक पडला.

"पोर खरं सांगतेय," तो म्हणाला. "अरे, वर बघा रे! मी म्हातारा बघू शकतो, तुम्हाला काय झालंय?"

मग एक बाई उभी राहिली. मग एक गुराखी. पाठी कडाकडा मोडत गाव ताठ होत गेलं, आणि ज्याने ज्याने वर पाहिलं तो तो फावडं आणायला धावला. सगळ्यांत शेवटी कारभाऱ्याने मान वर केली. तोही धावला, आणि सगळ्यांत मोठी टोपली त्यानेच उचलली.

येसू सांडव्याच्या तोंडाशी उभी राहून कुठे खणायचं ते दाखवत होती. पाझर बांधाच्या पायथ्याशी नेमका कुठून फुटतोय, हे मात्र गावकऱ्यांनीच शोधलं. जमिनीवरची ओल ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार? निम्मी माणसं वाकून पाझर दगडमातीने दाबत होती आणि निम्मी वर सांडवा मोकळा करत होती. गाढव कुरकुर न करता दगड वाहत होतं. अखेर सांडव्यातला शेवटचा गाळ निघाला आणि तलावाचं पाणी गर्जना करत, गावाला वळसा घालून, ओढ्याला जाऊन मिळालं. बांध टिकला! गाव वाचलं! चिखलाने माखलेल्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि येसूला खांद्यावर उचलून घेतलं.

पाऊस थांबून ऊन पडलं होतं. सगळे बांधावर उभे होते. खाली हिरव्या खळग्यात घरं दिसत होती, धूर निघत होता, पाट चमकत होता. जन्म गेला तिथे, पण आपलं गाव कसं दिसतं हे आज कळत होतं.

कारभारी डोळे बारीक करून बघत होता. "किती देखणं आहे गं," तो हळूच म्हणाला. "आणि ते घर कोणाचं? ते, छपरावर भोपळ्याचा वेल चढलाय ते?"

"कारभारीबाबा," येसू म्हणाली, "ते तुमचंच."

कारभाऱ्याचे डोळे भरून आले. सगळ्या गावासमोर त्याने हात जोडले. "मला माझं घर ओळखता आलं नाही, आणि मी तुला परकी म्हणालो! पोरी, हे गाव तुझं आहे. तुला हवं तेव्हा जा, हवं तेव्हा ये, आणि हवी तशी चाल."

त्यानंतर गावाने दारं पाडली नाहीत. येसूनेच पाडू दिली नाहीत. "ती आपल्या आज्या-पणज्यांची खूण आहे," ती म्हणाली. "दारात वाका, अंगणात ताठ राहा." मात्र दरवर्षी सुगी झाली की गावातलं कोणी ना कोणी लांबच्या प्रवासाला निघे, आणि त्याला निरोप द्यायला खुद्द कारभारी वेशीपर्यंत जाई.

तात्पर्य: घरापासून दूर गेल्यावर माणसाला स्वतःची ओळख पटते, आणि जो अशी ओळख घेऊन परत येतो, तोच घराला नवे डोळे देतो.