अठ्ठाविसावा दिवस

एकदा एक विद्यार्थिनी प्रबंधाच्या तीन बांधीव प्रती छातीशी धरून आपल्या गुरूंच्या खोलीत शिरली. आज सही घेतल्यावाचून हलायचे नाही, असे तिने पक्के ठरवले होते. तिचे नाव कालिंदी. स्थापत्य अभियांत्रिकीचे एम.टेक. तिचे एका सहीसाठी अडले होते.

या पदवीच्या अटी काही थोड्याथोडक्या नसतात, बरं का! ठरलेले क्रेडिट मिळवा, दोन सेमिनार द्या, परिषदेत शोधनिबंध वाचा, प्रबंधात उसनवारी नसल्याचा दाखला आणा, ग्रंथालयाचे एकही पुस्तक आपल्याकडे नाही असे लिहून घ्या. कालिंदीने दोन वर्षे रक्ताचे पाणी करून हे सारे पुरे केले होते. उद्या तीस तारीख, प्रबंध देण्याची शेवटची मुदत. ती चुकली की सहा महिने थांबा. आणि कराडच्या एका महाविद्यालयाने तिला अध्यापिकेची जागा देऊ केली होती, ती काही तिच्यासाठी सहा महिने थांबणार नव्हती.

सरांनी चष्मा लावला. निवृत्तीला सात महिने उरलेले, कालिंदी त्यांची अखेरची विद्यार्थिनी. त्यांनी प्रबंध चाळला, एका तक्त्यापाशी जरा रेंगाळले, आणि सही न करताच उठले. खुर्ची उचलून म्हणाले, "चल, मागच्या अंगणात जाऊ."

अंगणात कालिंदीनेच ओतलेला एक लहानसा स्लॅब विटांच्या चार खांबांवर उभा होता. साखर कारखान्यात उसाची चिपाडे जाळून जी राख उरते, ती सिमेंटात मिसळली तर काँक्रीट किती भार सोसेल, हा तिचा विषय. सरांनी खुर्ची नेमकी त्या स्लॅबखाली मांडली, तीत बसले आणि प्रबंध उघडून वाचू लागले.

"सर, हे काय?"

"तू लिहिलंयस, हा स्लॅब वाळूची चाळीस पोती सहज पेलतो. मग चढव की! गेनूमामा, जरा पोरीला हात लावा."

प्रयोगशाळेतले गेनूमामा डोके खाजवत आले. "सायेबांचं काय बिनसलंय आज?" असे पुटपुटत त्यांनी शिडी लावली. ते पोती देऊ लागले, कालिंदी वर रचू लागली. दहा झाली, पंधरा झाली. खाली सर निवांत पान उलटत होते. विसावे पोते ठेवल्यावर मात्र तिने वाकून स्लॅबला कुठे चीर गेली का ते पाहिले.

कारण खरी गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती, निदान तिला तसे वाटत होते. काँक्रीटचे ठोकळे ओतावेत, पाण्यात बुडवून ठेवावेत आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली फोडून त्यांची ताकद मोजावी, हा या विद्येचा नेम. सर्वांत जास्त राखेच्या मिश्रणाच्या वेळी मात्र माशी शिंकली. राखच उशिरा मिळाली. ठोकळे आणि हा स्लॅब याच महिन्याच्या आठ तारखेला ओतले गेले. तेव्हा तिने काही ठोकळे सातव्याच दिवशी फोडले, आलेल्या आकड्याला दीडने गुणले आणि तक्त्यात लिहून टाकले: अठ्ठावीस दिवसांची प्रत्यक्ष चाचणी, ताकद एकतीस मेगापास्कल. साध्या काँक्रीटला हा हिशेब बहुधा जमतो. राखेच्या काँक्रीटची हमी कोण देणार? उरलेले तीन ठोकळे तर अजून टाकीतच होते.

चोविसावे पोते तिच्या हातात तसेच राहिले. खाली सरांच्या डोक्यावरचे पांढरे केस दिसत होते.

"सर, बाहेर या!" ती ओरडली. "आधी बाहेर या, मग सांगते!"

सर बाहेर आले. तिने सारे सांगितले आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

"तक्त्यात ओतल्याची तारीख मी वाचली होती," सर म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू तारीख बदलली असतीस."

तिने मान खाली घातली. ते खोटे नव्हते.

"आणि मी थांबलेच नसते तर?"

"पोरी, मी म्हातारा झालोय, वेडा नाही. अजून दोन पोती बघितली असती आणि उठलो असतो. पण मग तुझ्या कागदावर माझी सही कधीच झाली नसती." त्यांनी प्रबंध तिच्या हातात परत दिला. "नोकरी जाईल, त्याचं मलाही वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय."

नोकरी गेलीच. आठवड्याने ठोकळ्यांचे अठ्ठावीस दिवस भरले. गेनूमामांनी ते टाकीतून काढून पुसले, कालिंदीने एकेक करून यंत्राखाली ठेवले. तिन्ही फुटले. तिने सरासरी काढली, पुन्हा काढली आणि बाकावर येऊन बसली.

एकतीस.

"सर, तोच आकडा!" तिचा संताप आवरेना. "तोच! सही झाली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? माझे सहा महिने मातीत गेले, ते कशासाठी?"

सर तिच्या शेजारी बाकावर टेकले. अंगणाकडे बोट करून त्यांनी विचारले, "त्या स्लॅबखाली कुणाच्या लेकराला निजवू का?"

"निजवा की," ती फणकाऱ्याने म्हणाली.

म्हणाली, आणि थबकली. उत्तर किती सहज निघाले होते!

"गेल्या आठवड्यात तू मला म्हाताऱ्यालाही तिथं बसू दिलं नाहीस," सर म्हणाले. "एकतीस तेव्हाही तक्त्यात होतेच. पण त्याची खात्री तुझ्यापाशी नव्हती. उद्या तू पूल बांधशील. त्यावरून जाणारा माणूस तुझा प्रबंध उघडून बघणार नाही. तो नुसता तुझ्या भरवशावर पाऊल टाकील."

कालिंदीने डोळे पुसले, जुना तक्ता फाडला आणि कोऱ्या कागदावर आधी आजची तारीख घातली.

विद्यापीठाच्या अटी छापील असतात, त्या पुऱ्या झाल्या की नाही हे कारकूनही तपासतो. भरवशाची ही एक अट मात्र ज्याची त्यानेच तपासायची असते.