मनोऱ्यावरच्या पुराच्या रेघा

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एक दिव्याचा मनोरा होता. नदीत तिथे मोठाले खडक होते, म्हणून मालाच्या होड्यांना वाट दाखवायला मनोऱ्यावर रोज दिवा लागायचा. दिवा लावायला एक राखणदार होता. माणूस भला, पण कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याला खोकला यायचा.

होडीवाले मात्र मनोऱ्याशी थांबायचे ते त्याची भिंत बघायला. पूर आला की पाणी जिथवर चढलं तिथे राखणदार गेरूची रेघ ओढायचा आणि ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, त्याचं नाव त्या पुराला द्यायचा. छातीएवढी रेघ पाटलांच्या पुराची, कमरेएवढी वैद्यबुवांच्या पुराची आणि गुडघ्याएवढी एका गवळणीच्या पुराची. गावाचा नियम सोपा होता. पाणी चढत चढत सगळ्यात खालच्या रेघेच्या वीतभर खाली पोचलं, की राखणदाराने नगारा वाजवायचा आणि सगळ्यांनी गुरंढोरं घेऊन टेकडी गाठायची.

"बाप रे! पाटील, तुमचा पूर छातीएवढा?" होडीवाले म्हणायचे. पाटील मिशीवरून हात फिरवायचे, जणू पूर त्यांनी घरी वाढवून मोठा केला होता.

हे वैद्यबुवांना सहन होईना. एक दिवस त्यांनी राखणदाराला डिंकाचे लाडू नेऊन दिले. "माझी रेघ जरा वर घे. त्या वर्षी लाटा केवढ्या होत्या!" राखणदार खोकला, लाडू खाल्ला आणि रेघ गळ्याएवढी केली. दुसऱ्या दिवशी पाटलांकडून पुरणपोळ्या आल्या. त्यांची रेघ डोक्यावर गेली. मग पुन्हा लाडू, पुन्हा पोळ्या. चार महिन्यांत राखणदाराला सदरा घट्ट झाला आणि शिडीवाचून रेघांना हात पोचेना. एवढं पाणी खरंच आलं असतं तर गावाची टेकडीसुद्धा वाहून गेली असती, पण हे म्हणणार कोण?

आता राहिली गवळणीची रेघ. पाटील म्हणाले, "पुसून टाक रे ती. गुडघाभर पाण्याला कुणी पूर म्हणतं? पलीकडच्या काठाचे लोक हसतात आपल्याला."

गवळण दुधाची चरवी घेऊन तिथूनच चालली होती. ती म्हणाली, "पाटील, मनोऱ्याशी गुडघाभर म्हणजे खालच्या आळीत छातीभर. माझी चांदी तेवढ्याच पाण्यात गेली. दाव्याला बांधलेली होती हो, सुटता आलं नाही तिला."

चांदी म्हणजे तिची म्हैस. आता गोठ्यात चांदीची लेक रूपी होती आणि गवळणीचं सगळं घर तिच्याच दुधावर चालायचं. (या गोष्टीत नावं फक्त म्हशींनाच आहेत. बाकीच्यांनी आपापल्या नावाची हौस भिंतीवर फेडून घेतली होती.)

राखणदार खोकला आणि त्याने रेघ पुसली. गवळण भांडली नाही. पुसलेल्या रेघेच्या वीतभर खाली तिने दोन दगडांच्या फटीत एक खुंटी ठोकली आणि तिला एक जुनी रिकामी किटली दोरीने अडकवली. "खुंटीला काही नाव नाही ना?" तिने विचारलं. खुंटीला नाव नव्हतं, त्यामुळे कुणाची हरकतही नव्हती.

त्या पावसाळ्यात एका दुपारी नदी फुगली. राखणदार नगाऱ्याच्या काठ्या हातात घेऊन भिंतीवरच्या रेघांकडे बघत उभा राहिला. "छे, अजून दोन पुरुष उंचीचा वाव आहे," तो म्हणाला. पाणी त्याच्या घोट्यावरून पोटरीवर आलं. तो वरच बघत होता.

तेवढ्यात किटली पाण्यावर तरंगली आणि दगडावर आपटू लागली. टण, टण, टण! वरच्या आळीत दूध घालणाऱ्या गवळणीने ते ऐकलं. चरवी तिथेच टाकून ती खाली धावली. गोठ्यात पाणी शिरलं होतं. तिने रूपीचं दावं सोडलं, तिला टेकडीकडे हाकललं आणि तशीच मनोऱ्याशी आली.

"अरे बाबा, नगारा वाजव!"

"अहो बाई, रेघेला कुठे लागलंय पाणी?"

"तुझ्या पायाला लागलंय ना?"

राखणदाराने पहिल्यांदाच खाली बघितलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. गवळणीने त्याच्या हातातल्या काठ्या घेतल्या आणि नगारा बडवला. खालची आळी लेकराबाळांसह टेकडीवर पोचली, पाठोपाठ गवळण आणि राखणदारही.

पाटील आणि वैद्यबुवा मात्र पाटलांच्या ओसरीवर बसून यंदाच्या पुराला नाव कुणाचं, यावर भांडत होते. "नगारा चुकून वाजला असेल," पाटील म्हणाले. "रेघा कुठल्या कुठे आहेत!" मग ओसरीवर पाणी आलं आणि दोघे कमरेएवढ्या पाण्यात धडपडू लागले.

इकडे रूपीने टेकडीवरून एवढं पाणी पाहिलं. ती म्हैसच! हुंदडत खाली आली आणि मजेत डुंबू लागली. पाटलांनी तिचं शेपूट धरलं, वैद्यबुवांनी शिंग. टेकडीवरून गवळणीने हाक मारली, "रूपे, ये गं!" आणि रूपी दोन्ही पुरांच्या मालकांना ओढत काठाला घेऊन आली.

पाणी ओसरल्यावर सगळं गाव मनोऱ्यापाशी जमलं. भिंतीवर चिखलाचा डाग कमरेएवढा होता. तिथे रेघ ओढून राखणदाराने विचारलं, "नाव कुणाचं देऊ?"

पाटील म्हणाले, "रूपीचं दे. आणि आमच्या रेघा मुळात होत्या तिथे आण." राखणदार शिडी आणायला धावला. या वेळी लाडू नव्हते आणि खोकलाही आला नाही.

"आणि माझी रेघ?" गवळणीने विचारलं.

पाटलांनी गेरू हातात घेतला. गुडघ्याएवढी रेघ ओढायला त्यांना चिखलात उकिडवं बसावं लागलं. ओढून झाल्यावर त्यांनी किटलीची दोरी नीट आहे ना, तेही बघितलं.

तात्पर्य: झालेलं संकट फुगवून सांगत राहिलं, तर खरं संकट पायाशी आलं तरी ते लहानच वाटतं.