बाजेचा चौथा कोपरा

"मग शास्त्रात लिहिलंय ते खोटं का, बाबा?"

उजागरेबाबा ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर बसून काठीचा चिखल खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं आहे."

"मी तेच सांगितलं."

"कोणाच्या घरी सांगितलंस?"



पुण्याला धर्मशिक्षण घेऊन अमोस नुकताच परतला होता. बाबा, गावच्या मंडळीचे पाळक, थकले होते. वर्षअखेर मंडळी त्याच्या हाती द्यायची, असं ठरत आलं होतं. बुधवारची प्रार्थना शेवंतामावशीच्या घरी झाली. अमोस येशूने बऱ्या केलेल्या पक्षाघाती माणसावर बोलला. विश्वास होता म्हणून तो उठला, बाज उचलून चालू लागला, असं त्याने ठासून सांगितलं. बोलणं फर्डं होतं.

शेवंतामावशीच्या कंबरेखालचं अंग कित्येक वर्षं मेलेलं. दर रविवारी चार गडी तिला बाजेसकट देवळात आणत. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी माझ्यात इस्वास न्हाई का रं, लेकरा?"

अमोस म्हणाला होता, "वचन तसं म्हणतं, मावशी."

आज रविवार. बाज न्यायला गेलेले गडी हात हलवत परत आले होते. ज्या बाईत विश्वास नाही तिला चौघांनी कशाला वाहायचं, असं म्हणून मावशीने त्यांना दारातूनच लावून दिलं होतं. तिच्याशिवाय घंटा वाजवायची नाही, असं बाबांनी बजावलं.

"चल," बाबा उठले.

गडी तिघेच होते. चौथा, झुंबर, तापाने फणफणला होता.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबा उंबऱ्यावर टेकले.

"शेवंता, तू नाही आलीस तर माझ्या प्रवचनात घोरायचं कोणी?"

भिंतीकडची पाठ हलली. हसली की रडली, ते अमोसला कळलं नाही.

"ओझं हाय मी," ती म्हणाली.

"आहेस," बाबा म्हणाले. "कोणी नाही म्हटलंय का?"

त्यांनी काठीने बाजेचा मोकळा कोपरा दाखवला. अमोसने इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

तिघांची पावलं एकमेकांना सरावलेली होती. अमोसचं पाऊल चुकत होतं. पुढचा गडी मागे न बघताच म्हणाला, "पुण्यात बाजा नसतात वाटतं." बाकीचे दोघे हसले. ओढ्याच्या उतरणीला बाज कलली. मावशीने घाबरून अमोसचं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

चढणीला त्याचा खांदा भरून आला. श्वास पुरेना. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता.

"दमलास का रं?" मावशीने हळूच विचारलं. "ठिव वाईच खाली. मला घाई न्हाई."

बुधवारी अमोसने गोष्ट सांगितली ती, तो पक्षाघाती माणूस उठला तिथून. त्या माणसालाही चौघांनी वाहून आणलं होतं. गर्दीत दार मिळेना, तेव्हा छप्पर उकलून त्याला खाली सोडलं होतं. तेवढं त्याने पाठ असूनही वगळलं होतं. वेळ वाचतो म्हणून.

"नाही मावशी," तो म्हणाला. "धरा तुम्ही. सोडू नका."

तिने मनगट सोडलं नाही.

देवळात माणसं उठून उभी राहिली. वेदीपुढची मावशीची जागा कोणी घेतली नव्हती. तिघे गडी वाकू लागले. अमोसही वाकला.

बाबांनी काठी आडवी धरली.

मग वेदीवरचं पवित्र शास्त्र उचललं, बुधवारचंच पान उघडलं, येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि अमोसच्या डोळ्यांसमोर धरलं.

"बाबा, बाज तरी आधी ठेवू द्या..."

"आधी वाच. मग ठेव."