तांबटाची समुद्रापारची पेढी

समुद्र ओलांडायला गलबताशिवाय दुसरं साधन नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक तांबट राहत होता.

त्याच्या हाताला यश होतं. त्याने ठोकलेली घागर बोटाने वाजवली, तर देवळातल्या घंटेसारखा नाद निघे. हे तो स्वतःच लोकांना सांगत असे. आणि ते खरंही होतं.

एकदा तो गलबतात बसून पलीकडच्या बेटावर गेला. तिथे एका राणीचं राज्य होतं. घरोघरी मातीच्या मडक्यात रांधत. मडकं तडकलं की कालवण चुलीत आणि माणसं उपाशी. तांबटाने ते पाहिलं आणि मनात म्हणाला, "इथे आपली पेढी पाहिजे."

तो राणीच्या कारभाऱ्याकडे गेला.

कारभारी म्हणाला, "परमुलखातल्या माणसाला इथे पेढी घालायला मोकळीक आहे. तू इथे राहणार का?"

"नाही. माझी भट्टी तिकडे, माझं घरदार तिकडे."

"राहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पेढी तुझ्याच नावाची होईल. पण उद्या काही बरंवाईट झालं, तर आम्ही बोलायचं कुणाशी? समुद्राशी? इथलं एक माणूस दे. त्याने भर बाजारात उभं राहून म्हणायचं, 'याच्या मालाचं उत्तर मी देईन.'"

बेटावर तांबटाला ओळखणारं कुणी नव्हतं. बाजारात एक म्हातारी तेलीण खोबऱ्याचं तेल विकायची. तिला ना पोर ना बाळ. तिने तांबटाची घागर हातात घेतली, वाजवून पाहिली, आतून बाहेरून निरखली. मग म्हणाली, "माल चोख दिसतोय. माझ्या दुकानाला लागून एक गाळा रिकामा आहे. विक्रीतला वाटा मला दे, मी बसते. पण लेका, वर्षातून एकदा तोंड दाखवत जा."

"येईन की, मावशी! येणार नाही तर काय!"

तेलणीने भर बाजारात उभं राहून राणीच्या माणसांसमोर ते वाक्य म्हटलं. पेढी सुरू झाली.

तांबट घरी परतला आणि माल धाडू लागला. पातेली गेली, तपेली गेली, हंडे गेले. जाईल तो माल संपू लागला. त्याने भट्टीवर माणसं वाढवली. डोक्याला जरीकाठी पागोटं आलं. संध्याकाळी पारावर बसून तो म्हणायचा, "समुद्रापलीकडे माझी पेढी आहे. आणि मी इथे बसलोय, पाय पसरून!"

बेटावर मात्र तो पुन्हा गेला नाही. एक वर्ष भट्टीचं काम निघालं, एक वर्ष मुलीचं लग्न. नंतर कारण सांगायचीही गरज वाटेना.

एकदा गलबताचा तांडेल तेलणीचा निरोप घेऊन आला.

"शेठ, म्हातारी विचारते, भांड्याच्या आतला पांढरा थर झिजतोय. लोकांना काय सांगू? एकदा येऊन जा म्हणाली."

तांबट हसला. "एवढंही कळत नाही? कल्हई उडाली असेल. कल्हईवाल्याकडे द्या म्हणावं!"

तांडेल समुद्रावरचा माणूस. त्याला भांड्यातलं काय कळणार? "सांगतो," म्हणाला आणि गेला.

आता तांबटाची चूक काय झाली, ते ऐका. त्याच्या गावात दिवाळीच्या तोंडावर कल्हईवाला यायचा. झाडाखाली भाता मांडायचा, कथील आणि नवसागर काढायचा आणि गावभरची भांडी आतून चांदीसारखी करून द्यायचा. बायका त्याची वाट बघायच्या. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवलं तर ते कळकतं, पोटाला बाधतं, हे लहान पोरही जाणत होतं. जिथे तांबं, तिथे कल्हईवाला असायचाच, असं तांबटाला वाटे. बेटावर कल्हईवाला नव्हता. कधी नव्हताच. तांब्याचं भांडंच तिथे तांबटाने पहिल्यांदा नेलं होतं. हे कळायला बेटावर चार दिवस राहावं लागलं असतं.

पुढच्या खेपेला तांडेल आला तो ओटीवर बसलाच नाही.

"शेठ, घात झाला. कोळीवाड्यात लग्न होतं. तुमच्या मोठ्या तपेल्यात आमसुलाचं सार केलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी जो प्यायला तो आडवा झाला. ओकाऱ्या काय, पोटात मुरडा काय! माणसं वाचली, देवाची कृपा."

"आणि मावशी?"

"तिनेच उत्तर देईन म्हटलं होतं ना! राणीने विचारलं, ती काय सांगणार? लोकांनी तिच्याकडचं तेल घेणंही टाकलं. पुढच्या गलबतातून तिला बेटाबाहेर काढणार. कायमचं. पेढीचा धनी स्वतः येऊन उत्तर देईल तरच ती सुटेल."

"आणि धन्याचं काय करतील?"

"ते राणीच्या मनावर. कोठडीही देतील."

बातमी गावभर झाली. शेजारचा वाणी आला आणि कानाशी लागून म्हणाला, "जाऊ नकोस. राणीचा हात समुद्र ओलांडून येत नाही. परमुलखात धंदा करायचा तो ह्याचसाठी. फायदा इकडे, लचांड तिकडे!"

तांबटाला ते पटल्यासारखं झालं. तो घरात येऊन बायकोला म्हणाला, "माझा माल खोटा नव्हता. त्यांना वापरता येत नाही, त्याला मी काय करू? त्यांचं बेट, त्यांची पेढी, त्यांनी बघावं."

बायको भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काल पारावर 'माझी पेढी' होती. आज त्यांची कशी झाली हो?"

तांबटाने पागोटं काढून खुंटीला अडकवलं.

"त्या म्हातारीने तुमचं काय खाल्लं होतं?" बायको म्हणाली. "तिच्यापाशी पळून जायला दुसरं गाव तरी आहे का? तुमच्यापाशी आहे, म्हणून तुम्हाला एवढं बोलायला सुचतंय."

तांबट जेवला नाही. तसाच उठला. कथील घेतलं, नवसागर घेतला, छोटा भाता खांद्याला लावला आणि तांडेलाच्या गलबतात जाऊन बसला. पागोटं घरीच राहिलं.

बेटावर उतरल्यावर तो आधी तेलणीच्या दारात गेला. ती गाठोडं बांधत होती.

"मावशी, आलो."

"आलास? कशाला एवढा त्रास घेतलास? तांडेलाबरोबर निरोप धाडायचास की."

तिने त्याला पाणी विचारलं नाही. तोही उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "माझ्याबरोबर राणीकडे चल. आज मी बोलतो."

राणीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू घरी बसला असतास तर आम्ही तुझं काहीच करू शकलो नसतो. मग आलास कशाला?"

तांबट म्हणाला, "राणीसाहेब, मी तांबट आहे. माझ्या भांड्याला भोक निघालं तर ते मी बुजवायचं असतं, शेजाऱ्याने नाही. तांबं माझं चोख आहे. पण त्याला दर वर्षी कल्हई लागते आणि ती लावणारं माणूस इथे नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला मी आलोच नाही. या बाईने बोलावलं, तेव्हा मी हसलो. शिक्षा द्यायची ती मला द्या."

राणी म्हणाली, "कोठडीत बसून तू कुणाच्या उपयोगी पडणार? या बेटावरच्या प्रत्येक भांड्याला फुकट कल्हई लाव. इथल्या माणसांना ते काम शिकव. ते होईपर्यंत तुला गलबतात पाय ठेवायची मनाई. म्हातारीला मी सोडते. लोक तिला सोडतील की नाही, ते मला सांगता येत नाही."

तांबटाने बाजारात भाता मांडला. कुणीही फिरकलं नाही. बायका लांबून बघत आणि पदर तोंडाला लावून पुढे जात. एक कोळीण मोठ्याने म्हणाली, "पहिल्यांदा पोट बिघडवलं, आता काय जीव घेणार?" लोक हसले. तांबटाने मान खाली घातली.

मग तो उठला. लग्नातलं ते तपेलं कोळीवाड्यात एका परसात फेकलं होतं. त्याने ते आणलं. आतला हिरवा कळक घासून काढला. तपेलं तापवलं, नवसागर टाकला, धूर झाला. वर कथील फिरवून कापसाने पुसलं. काळंहिरवं तपेलं आतून आरशासारखं लखलखलं. लोक जवळ सरकले.

त्याच तपेल्यात त्याने आमसुलाचं सार केलं, चांगलं आंबट. रात्रभर झाकून ठेवलं आणि तो तिथेच शेजारी झोपला. सकाळी सगळ्यांच्या देखत वाटी भरून घेतली आणि एका दमात प्यायला. दुसरी प्यायला.

"हा बाहेरचा आहे," कुणीतरी म्हणालं. "ह्याच्या पोटाचा काय भरवसा!"

तांबटाचं तोंड उतरलं. तेवढ्यात गर्दीतून तेलीण पुढे आली. तिने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली, तपेल्यात बुडवली आणि शांतपणे सार प्यायली. सगळा बाजार तिच्याकडे बघत राहिला.

तिने तोंड पुसलं. म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

आधी ती कोळीण हसली. मग सगळा बाजार हसला. दुपारपर्यंत भात्यापुढे भांड्यांची रास लागली.

पावसाळा येऊन गेला तरी तांबट बेटावरच होता. दोन कोळी आणि एक विधवा सुतारीण त्याच्याकडून कल्हई शिकले. तेलणीचं दुकान पुन्हा चालू लागलं. पुढे दर वर्षी समुद्र निवळला की तांबट पहिल्या गलबताने यायचा, महिना-दीड महिना राहायचा आणि घरोघरी जाऊन भांडी आतून बघायचा. तेलणीच्या घरी त्याला पाणीच काय, जेवणही मिळू लागलं. मीठ कमी-जास्त झालं तरी तो तक्रार करत नसे.

तात्पर्य: परमुलखात धंदा खुशाल करावा. तिथे राहिलं नाही तरी चालतं. पण कमाई घेताना जे नाव पुढे करतो, तेच नाव जाब देताना पुढे करावं. आपल्या जागी दुसऱ्याला उभं करून घरी बसणारा तो व्यापारी नव्हे, पळपुटा.