घळीवरचा नगारा

फार जुन्या काळी डोंगराळ मुलखात एक राज्य होते. त्याचे नाव सांगणाऱ्याला आता आठवत नाही. गोष्टीतली घळ बारा हात रुंद होती की पंधरा, हेही खात्रीने सांगवत नाही. पण घळ होती, आणि ती ओलांडताना जे झाले ते असेच झाले.

त्या राज्यात शिपायांतून नायक निवडायची एक रीत होती. उमेदवाराला पाच सोबती, दोन दोर आणि एक भला मोठा नगारा देत. समोरच्या कड्यावर चढणारी सावली पांढऱ्या रेघेला टेकायच्या आत नगारा घळीपलीकडे न्यायचा. तीन वृद्ध परीक्षक लांब मांडवात बसून पाहत, काहीतरी लिहीत, आणि कुणाशी चकार शब्द बोलत नसत. संधी तीनच. तिन्ही हुकल्या, की जन्मभर भाला खांद्यावर टाकून दुसऱ्याच्या मागे चालायचे.

एका शिपायाच्या दोन संधी हुकल्या होत्या.

नायकाने सगळ्यांत जड ओझे स्वतः उचलावे, असे त्या मुलखात लहानपणापासून शिकवत. म्हणून दोन्ही वेळा त्याने नगाऱ्याचा भार आपल्या कमरेला घेतला. दोन्ही वेळा मान खाली गेली, मागे कोण काय करते आहे ते दिसले नाही, दोरांचा गुंता झाला आणि सावली रेघ ओलांडून गेली.

तिसऱ्या खेपेला तो घळीपाशी आला तो दमूनच. आठ दिवसांच्या दौडीने पाय सुजले होते. अंगात तापाची कसर होती.

"काय नायक, आज तरी नगारा पलीकडं जाणार का पुन्हा आमचंच कंबरडं मोडणार?" सोबत्यांतला पैलवान म्हणाला.

सगळे हसले. तोही कसनुसा हसला. "माझ्याच्यानं आज भार पेलवणार नाही, दादा. तुम्ही घ्याल?"

"हात्तिच्या! एवढंच ना?"

त्याला शरम वाटली. मांडवात एकाने मान खाली घालून काही लिहिले. याने ओझे टाळले, हेच लिहिले असणार.

मग त्याने एकेकाला विचारले, तुला काय येते? एक जण मूळचा कोळी होता. गाठींचे काम त्याच्याकडे गेले. एक मेंढपाळ होता. त्याला घळीत उतरून पलीकडे चढणारी शेळीवाट दिसली. नगारा त्या वाटेने जाण्यासारखा नव्हता, पण माणसे गेली. मेंढपाळ, कोळी आणि आणखी एक जण पलीकडे पोहोचले. त्यांनी दोराचे टोक तिकडच्या झाडाला बांधले. अलीकडे नुसता कातळ. म्हणून इकडचे टोक पैलवानाने कमरेला वेढले, आणि पाचव्या गड्याने त्याला मागून धरले. ताणलेल्या दोरावर नगारा अडकवला. पलीकडचे दुसऱ्या दोराने तो ओढू लागले.

नगारा घळीच्या मध्यापुढे गेला. सावली रेघेपासून वीतभर खाली होती.

हात रिकामे असलेल्या माणसाला इकडेतिकडे पाहण्यावाचून दुसरे काम नसते. त्याने पैलवानाच्या पायांकडे पाहिले. टाचा कातळावरून सरकत होत्या. बोटभर. मग आणखी बोटभर.

"दादा, जमतंय ना?"

"माझ्याकडं काय बघतोस? नगाऱ्याकडं बघ!" पैलवान दात आवळून ओरडला. "ओढा रे!"

"चारच हात राहिले!" पलीकडून कोळी ओरडला. "आलाच!"

चार हात. आपले उरलेले सगळे आयुष्य त्याला तेवढ्या अंतरावर लोंबकळताना दिसले. पाचवा गडीही आता पैलवानासोबत पुढे घसरत होता.

त्याने कमरेचा कोयता काढला आणि दोर तोडला.

नगारा समोरच्या कड्यावर आदळला, फुटला, आणि त्याचे तुकडे घळीत गेले. पैलवान मागच्या गड्यावर कोसळला.

"अरे येड्या, चार हात राहिले होते!" तो धापा टाकत म्हणाला. "तिसरी खेप होती तुझी!"

"ठाऊक आहे."

"मग?"

"तुम्ही चालला होता ना, दादा."

पैलवानाने कातळावरचे आपल्या टाचांचे ओरखडे पाहिले. ते थेट कड्यापाशी थांबले होते.

संध्याकाळी निवडलेल्यांची नावे पुकारली. त्यात त्याचे नाव होते.

त्याला आनंद झाला नाही. काहीतरी चूक झाली असावी, नाहीतर म्हाताऱ्यांना दया आली असावी, असे त्याला वाटले. पुढे त्याने वीस वर्षे माणसे सांभाळली, लढाया पाहिल्या, पण ही शंका सलतच राहिली. उत्तराच्या भीतीने त्याने कधी कुणाला विचारले नाही.

केस पिकल्यावर तो स्वतः परीक्षक झाला. जुन्या वह्या ताब्यात आल्या. पहिल्याच दिवशी त्याने ते पान उघडले. वर रकाने आखलेले होते: कुणाला विचारले, कुणाचे ऐकले, कुणाला जपले. त्याच्या नावापुढे तिन्ही भरलेले होते. नगारा पलीकडे गेला की नाही, याचा रकानाच नव्हता. त्याचा विश्वास बसेना. खात्री करण्यासाठी त्याने पहिल्या वहीपासून प्रत्येक पान चाळले. तो रकाना कुठेच नव्हता.

तात्पर्य, ओझ्याखालच्या माणसाकडे ज्याचे लक्ष असते, तोच नायक व्हायला लायक.